एका खोडाचे चार घड

चारही चिठ्ठ्या मीच लिहिल्या. घरात काही लिहायचं असलं की पेन माझ्याकडे येतो, कारण आमच्या गटाची पत्रकं मी लिहिते. नळाला दोन दिवसाआड पाणी का, मुलींच्या होस्टेलमधल्या बाथरूमला कडी का नाही, धूलकोटची शेवटची बस दिवेलागणीच्या आत का सुटते, असली पत्रकं. अर्ध्या पानाची. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी, कारण बऱ्हाणपुरात एकट्या मराठीनं भागत नाही आणि एकट्या हिंदीनं माझं भागत नाही. ज्यांनी मला पत्रक लिहायला शिकवलं त्यांचा नियम एकच होता: पहिल्याच ओळीत कोणी, कोणाचं, काय केलं ते आलं पाहिजे. बाकीचं कोणी वाचलं नाही तरी चालेल.

चिठ्ठ्यांवर तसलं काही नव्हतं. नुसती नावं होती. मे महिन्यातल्या एका दुपारी कूलरसमोर बसून मी वहीचं पान फाडलं, त्याच्या चार पट्ट्या केल्या आणि लिहिलं: बी.ए. फिल्म स्टडीज. बी.एस्सी. व्हिज्युअल कम्युनिकेशन. बी.व्होक. फिल्म प्रॉडक्शन. बी.ए. मास कम्युनिकेशन अँड डिजिटल सिनेमा. दहा मिनिटांचं काम. मला त्या दिवशी पाण्याच्या पत्रकाची घाई होती. आजवर लिहिलेलं माझं सगळ्यात घाणेरडं लिखाण तेच.

चिठ्ठ्या धाकट्या बहिणीसाठी होत्या. तिची बारावी झाली होती. अकरावीपासून ती दुपारची शनवारा दरवाज्याजवळच्या एका फोटो स्टुडिओत जायची आणि लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करायची. स्टुडिओवाल्या चाचांनी तिला एक जुना कॉम्प्युटर दिला होता. पंख्याचा आवाज कॉम्प्युटरचा की छताचा हे कळू नये असा. एकदा तिच्याकडे एका लग्नातली पाठवणी आली. पाठवणीवर गाणं टाकायचं ही रीत. तिनं टाकलंच नाही. नवरी गाडीत बसत होती तेव्हा तिची आई मांडवाच्या कोपऱ्यात उभी राहून जेवणाच्या स्टीलच्या थाळ्या एकावर एक रचत होती, वळून बघत नव्हती. त्या थाळ्यांचा खणखणाट हिनं तसाच ठेवला. गाडी गेली, थाळ्या चालूच.

चाचांनी पाहिलं. म्हणाले, "ये क्या है बेटा? बर्तन की आवाज?"

"हाँ चाचा."

"पार्टी मारेगी मुझे."

मग परत लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा पाहताना त्यांनी हातातला मोबाइल उलटा ठेवला. म्हणाले, "गाना तो डालना पड़ेगा. लेकिन तू इधर मत सड़. कहीं जाके ढंग से सीख."

तेव्हापासून तिला एडिटिंग शिकायचं होतं. बाकी काही नाही. हिरोईन नाही, डायरेक्टर नाही. अंधाऱ्या खोलीत बसून काय ठेवायचं आणि काय कापायचं, तेवढंच.

पप्पा शाळेत गणित शिकवतात. त्यांनी नाही म्हटलं नाही, हे त्यांच्या बाजूनं आधी सांगून टाकते. त्यांची अट एकच होती. "एकदाच," ते म्हणाले. "एक कॉलेज, तीन वर्षं, हातात डिग्री. मधूनच परत आलीस की इथे बी.कॉम., मग बी.एड., आणि हा विषय बंद. मला दोनदा गणित सोडवायला सांगू नकोस." बहीण हो म्हणाली. म्हणजे तिच्याकडे एकच डाव होता. चुकीच्या जागी पडला की संपला.

आता त्या काउन्सेलरबद्दल. गावात मंगल कार्यालयात शिक्षण मेळावा भरला होता. तिथे पप्पांनी नाव-नंबर लिहून दिला, आणि दोन दिवसांनी तो माणूस घरी आला. इन केलेला शर्ट, गळ्यात पट्टा, पट्ट्याला कार्ड. बसल्या बसल्या आईनं पुढे केलेला रव्या-तुपाचा गोड दराबा त्यानं दोन वाट्या खाल्ला आणि तुपाच्या बोटांनी चार माहितीपत्रकं टीपॉयवर मांडली. पिवळं, निळं, हिरवं, लाल. चार संस्थांची चार नावं, चार चिन्हं. कागद इतका जाड की दुमडला तर मोडेल. त्याला वास होता, कसल्याशा सेंटचा. माझी पत्रकं शाईचा वास मारतात.

"सर, देखिए," तो पप्पांना म्हणाला. मुलीकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. "स्टडीज वाले बच्चे क्रिटिक बनते हैं. विज़ुअल कम्युनिकेशन वाले ऐड में जाते हैं. प्रोडक्शन वाले सीधा सेट पे. और डिजिटल सिनेमा तो सर, फ्यूचर है."

बहिणीनं विचारलं, "एडिटिंग किसमें है?"

"सबमें है बेटा."

"कौन-से सेमेस्टर में?"

"तुम बस पैशन लेके आओ. सेमेस्टर हम देख लेंगे."

आई हसली, पप्पा हसले. मीही हसले असेन. जायच्या आधी त्यानं विचारलं की हा दराबा कुठल्या दुकानातला, आणि पाव किलो बांधून घ्यायला गेला.

पुढचे चार दिवस घरात नुसतं युद्ध. प्रत्येकानं आपापला रंग धरला. पप्पांनी निळा, कारण नावापुढे बी.एस्सी. होतं आणि सायन्स म्हणजे सायन्स, त्यात कॅमेरा असो की बेडूक. आईनं लाल धरला. मास कम्युनिकेशन केलेली मुलगी टीव्हीवर साडी नेसून बातम्या देते, असं तिच्या डोक्यात होतं. बहीण हिरव्यावर, प्रॉडक्शनवर. आणि मी पिवळ्यावर. मला वाटायचं की लग्नाच्या व्हिडिओतून आलेल्या मुलीनं आधी सिनेमा म्हणजे काय ते समजून घ्यावं, वाचावं, विचार करावा. तिला काय हवंय हे तिनं शंभरदा सांगितलं होतं. मी तिला शंभरदा समजावलं की तिला ते का नकोय. लोकांच्या हक्कांची पत्रकं लिहिणारी मी.

या नावांना अर्थ नसतो असं नाही. असतो, म्हणून तर चीड येते. धड चालणाऱ्या ठिकाणी स्टडीज म्हणजे चित्रपट बघायचे, त्यांच्याबद्दल वाचायचं, लिहायचं. यंत्राला हात क्वचित लागतो. प्रॉडक्शन म्हणजे पहिल्या वर्षापासून तारा गुंडाळायच्या, दिवे उचलायचे, शूट करायचं, कापायचं. कम्युनिकेशन हे मोठं पोतं आहे, त्यात वर्तमानपत्र, जाहिरात, रेडिओ आणि तळाशी थोडा सिनेमा, किंवा कधी कधी तळाशी बराच सिनेमा. बी.व्होक. हे कामधंद्याचं शिक्षण, मधल्या वर्षीही काही कागद घेऊन बाहेर पडता येईल असं रचलेलं. आणि बी.ए. की बी.एस्सी. यावरून आतलं काही कळत नाही. ते विद्यापीठानं कोणत्या कपाटात ठेवलंय तेवढंच सांगतं. आत काय आहे ते विषयांच्या यादीत असतं: कोणत्या सेमेस्टरला कोणता पेपर, किती तास वर्गात, किती तास यंत्रावर. त्या चारही चकचकीत कागदांवर अशी यादी नव्हतीच. हसऱ्या पोरांचे फोटो होते. हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं.

भांडण मिटेना तेव्हा फुईचा फोन आला. फुई म्हणजे पप्पांची मोठी बहीण. इच्छापूरला तिची केळीची बाग आहे, फुवा, तिचे यजमान, वारल्यापासून ती एकटीच बघते. "भांडता काहून?" ती म्हणाली. "चिठ्ठ्या घेऊन या. देवीले इचारू."

आमच्या घरात मोठ्या गोष्टी अशाच ठरतात. इच्छादेवीसमोर चिठ्ठ्या टाकायच्या आणि फुईनं एक उचलायची. फुईच उचलते, कारण तिला अक्षर येत नाही, त्यामुळे तिच्या हातून लबाडी होऊ शकत नाही. आणि एकदा चिठ्ठी निघाली की मागे फिरायचं नाही. फुईच्या बागेतल्या बोरची जागा चिठ्ठीनं ठरली होती. मारला तर नुसती धूळ. बोरवाला म्हणाला जागा बदला. फुई म्हणाली, जागा तीच, आणखी खोल जा. पाणी लागलं. हा बोर आमच्या घरात कोणाचंही तोंड बंद करायला पुरतो. मी देव मानत नाही असं बाहेर सांगते. पण बोर मीही मानते.

तर आम्ही गेलो. इच्छापूरच्या देवळाच्या पायऱ्या चढलो, ओटी भरली, माझ्या चार पट्ट्या गुंडाळून परडीत टाकल्या. फुईनं डोळे मिटून एक काढली आणि माझ्या हातात दिली. निळ्या पत्रकाची निघाली. बी.एस्सी. व्हिज्युअल कम्युनिकेशन. पप्पांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली, सुटल्यासारखी. पायऱ्या उतरताना बहिणीनं चपला घातल्याच नाहीत, हातात धरून खालपर्यंत तापल्या दगडावरून आली.

आठवड्यानं आम्ही दोघी इंदूरला गेलो. पप्पांनी बहिणीच्या मार्कशीटची फाइल दिली होती. कॉलेज बघायचं, होस्टेल बघायचं आणि कागद देऊन यायचे. पहाटेची बस, आसिरगड, खंडवा, मग घाट. बहिणीनं चारही माहितीपत्रकं बरोबर घेतली होती. मी म्हटलं, निळं पुरे की. ती म्हणाली, "राहू दे."

पत्रकावर हिरवळ होती, कारंजं होतं. प्रत्यक्षात खाली टाइल्सचं दुकान आणि वर तिसऱ्या मजल्यावर कॉलेज. जिन्यात रूम फ्रेशनर मारलेला, आणि त्याच्या खालून मुतारीचा वास यायचा तो यायचाच. वर एक दार. दाराच्या बाजूला भिंतीवर चार पाट्या, एकीखाली एक. पिवळी, निळी, हिरवी, लाल.

मी पाट्या वाचल्या. पुन्हा वाचल्या. बहीण वाचत बसली नाही, ती आत गेली.

आत एकच खोली. एका भिंतीला हिरवा पडदा, तो स्टुडिओ. काचेच्या कपाटात एक कॅमेरा, कपाटाला कुलूप. कॅमेऱ्यावर हळदकुंकू वाहिलेलं होतं, दसऱ्याचं. मे महिना चालला होता. दसऱ्याला वाहिलेलं कुंकू बटणांवर जसंच्या तसं वाळून बसलं होतं, एक कण हललेला नाही. मी आयुष्यात बरीच चिडलेय, पण त्या कुंकवाइतकी किळस मला कशाचीच आली नाही. आमच्याकडे लूमवाला पूजा झाली की दुसऱ्या दिवशी पहाटे लूम चालू करतो, कुंकू उडून जातं. केळी कापायचा विळासुद्धा पूजेनंतर दुपारपर्यंत धुतला जातो. वापरायचं असतं म्हणून पुजतात. इथे पुजलं आणि कुलूप लावलं.

खोलीत दहा-बारा मुलं मोबाइल घेऊन बसली होती. त्यातली एक मुलगी आमच्याशी बोलली, खरगोनकडची, दुसऱ्या वर्षाची.

बहिणीनं विचारलं, "तुम किस कोर्स में हो?"

"रुको, कार्ड देखना पड़ेगा," ती म्हणाली, आणि खरंच गळ्यातलं कार्ड उलटं करून बघितलं. "डिजिटल सिनेमा. हम चारों कोर्स साथ ही बैठते हैं दीदी. परीक्षा के टाइम फाइल का कवर बदल देते हैं, बस."

"और एडिटिंग?"

"मोबाइल पे. अपने-अपने." मग हळू आवाजात, "तुमने पैसे भर दिए क्या?"

बहीण म्हणाली, नाही. ती मुलगी म्हणाली, "अच्छा किया." आणि परत मोबाइलमध्ये बघायला लागली. तिच्या आवाजात आमच्यासाठी आनंद नव्हता. रांगेत आपल्या मागचा माणूस निघून गेला तर वाटतं तेवढंच काहीतरी असेल.

हेडच्या केबिनमध्ये मी घुसले. मला वाटलं तो गडबडेल, लपवेल. छे. त्यानं पाणी मागवलं. "देखो बेटा," तो म्हणाला, "नाम तो मार्केट के हिसाब से रखने पड़ते हैं. निमाड़ के पेरेंट्स को बीएससी चाहिए, तो बीएससी. इंदौर वालों को सिनेमा चाहिए. सिलेबस तो पढ़ाने वाले पे होता है."

"पढ़ाने वाला कौन है?"

"अभी तो मैं ही हूँ."

मी जे बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानं ते शांतपणे ऐकून घेतलं, कोणाकोणाचं किती वेळा ऐकलेलं असावं तसं. त्याला लाज नव्हती. लाज वाटायला आपण काही वाईट करतोय असं आधी वाटावं लागतं.

बाहेर आले तर बहीण जिन्यात बसली होती. चारही माहितीपत्रकं तिनं पायरीवर पालथी मांडली होती. मागच्या बाजूला, अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, चौघांवर एकच पत्ता. एकच फोन नंबर.

"ताई, बघ," एवढंच ती म्हणाली.

ही पत्रकं चार दिवस माझ्याच हातात होती.

परतीच्या बसमध्ये घाट उतरताना तिनं विचारलं, "चिठ्ठ्या लिहिताना तू मागची बाजू वाचली नव्हती का?"

मी म्हटलं, "वाचली होती. तेव्हा पत्ता वेगळा वाटला."

खोटं बोलले. दुसऱ्याचं खोटं पकडून त्याच दिवशी, त्याच बसमध्ये. तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

घरी पप्पांनी सगळं ऐकलं, पत्रकं उलटीसुलटी केली. "फ्रॉड आहे," म्हणाले. आणि मग, अडखळत, "पण चिठ्ठी?" गणिताचा शिक्षक. पण मी त्यांना हसू शकत नाही, कारण माझ्याही मनात तेच होतं. फुईला फोन लावला तर तिचं सुरू झालं, "निघाली तं निघाली. बोरचं काय झालं माहीत आहे ना? खोल जा." बहिणीचा एकमेव डाव त्या हळदकुंकवाच्या कपाटासमोर पडणार होता, आणि तोही देवीच्या नावानं.

दुसऱ्या दिवशी बहीणच म्हणाली, इच्छापूरला चला.

फुई बागेच्या कडेला, केळीच्या पाल्याच्या सावलीत बसली होती. कापणी चालू होती, मजूर घड वाहून ट्रकजवळ नेत होते. मी बोलायला लागले, कॉलेज, फसवणूक, सिलेबस. फुईच्या तोंडावरची माशी हलली नाही. मग बहिणीनं मला बाजूला केलं, चारही पत्रकं तिच्यासमोर जमिनीवर पालथी ठेवली आणि नंबरावर बोट ठेवलं.

फुईला अक्षर येत नाही, पण आकडे येतात. केळीच्या वजनात तिला आजवर कोणी फसवू शकलं नाही. तिनं पदराला हात पुसले, पहिल्या पत्रकावर बोट ठेवलं आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचला. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. चौथ्याला ती मध्येच थांबली.

"हे चारी एकाच माणसाचे?"

"हो."

"तुम्ही देवीसमोर चार ठेवले म्हणून मी एक उचलली."

"हो फुई."

तिनं कापलेल्या खोडांकडे बोट केलं. मग म्हणाली, "एका खोडाले एकच घड येतो. माणूस एका खोडाचे चार घड दाखवतो, अन् तुम्ही शिकले-सवरले लोक मोजून घेता." पत्रकं तिनं पायानं नाही, हातानं, पण दोन बोटांनी उचलून बाजूला टाकली. "हा कौल नव्हता. देवीले खोटं इचारलं तं ती काय सांगीन? चिठ्ठी वापस करा."

"म्हणजे मोकळी?" बहिणीनं विचारलं.

"वापस केल्यावर मोकळी. जिनं लिहिली तिनंच करायची." फुईनं माझ्याकडे पाहिलं. "सोमवारी ये."

सोमवारला तीन दिवस होते. ते तीन दिवस बहिणीनं फोन केले. कोणाला नावं विचारली नाहीत, रंग विचारले नाहीत. ज्या कॉलेजचा नंबर मिळेल त्याला एकच प्रश्न: पहिल्या वर्षाच्या मुलीला एडिटिंगच्या मशीनवर आठवड्यात किती तास मिळतात? कोणी म्हणालं कॅम्पसला या. कोणी म्हणालं पॅरेंटला फोन द्या. एकानं विचारलं, बजेट काय? एका सरकारी विद्यापीठातल्या मॅडमनं मात्र उलट विचारलं, "तुला काम येतं का?" बहीण म्हणाली, थोडं. त्या म्हणाल्या, "मशीन कमी आहेत, पाळी लावतो. पहिलं वर्ष रोज दोन तास, आणि खोली तुम्हीच झाडायची. विषयांची यादी वेबसाइटवर आहे, वाच, मग फोन कर."

यादी होती. सहाही सेमेस्टरमध्ये संकलनाचा, म्हणजे एडिटिंगचा, पेपर होता, शिवाय एकात ध्वनीचा वेगळा. आणि कोर्सचं नाव? बी.ए. जनसंवाद. बस. नावात फिल्म नाही, सिनेमा नाही, डिजिटल नाही. हे नाव आमच्या चार चिठ्ठ्यांत कधीच आलं नसतं. मीच ते लिहिलं नसतं.

प्रवेशासाठी लेखी परीक्षा होती आणि अर्जासोबत स्वतः कापलेलं तीन मिनिटांचं काम पाठवायचं होतं. तिच्याकडे एकच काम होतं जे तिला आपलं वाटायचं. थाळ्यांचं. पण ते दुसऱ्याच्या घरचं लग्न. ती चाचांकडून पत्ता घेऊन त्या नवरीच्या आईकडे गेली, मोबाइलवर दाखवलं आणि पाठवू का म्हणून विचारलं. त्या बाईंनी पूर्ण पाहिलं. मग विचारलं, "हा आमच्याकडे का नाही? आम्हाला तर गाण्याचाच दिला." तिनं तिथल्या तिथे त्यांच्या मोबाइलवर पाठवून दिला.

सोमवार हा अर्जाचाही शेवटचा दिवस होता. सकाळी आम्ही पायऱ्या चढलो, फुई, बहीण आणि मी. ती निळी चिठ्ठी माझ्याकडे होती, पाकिटात. फुई म्हणाली, ठेव आणि सांग.

मला बोलता येतं. चौकात, माइक नसताना, ट्रॅक्टरच्या आवाजावर मी बोललेय. मी सुरू केलं, "देवी, त्या कॉलेजवाल्यांनी पोरींची फसवणूक..."

"त्यायचं सोड," फुई म्हणाली. "ते इथे आले का? तू काय केलं ते सांग."

मागे रांगेत बायका उभ्या होत्या, ओटीची ताटं घेऊन. मी म्हटलं, मी चिठ्ठ्या लिहिल्या. फुई म्हणाली, ते तिला माहीत आहे. मग मी म्हटलं, "मी मागची बाजू वाचली नाही. मला घाई होती. आणि हिनं विचारलं तेव्हा वाचली होती म्हणून सांगितलं."

माझा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. बहीण शेजारीच होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. चिठ्ठी परडीत ठेवली. फुईनं माझ्या पाठीवर हात ठेवला, ठेवला म्हणजे ढकललं, रांग पुढे सरकावी म्हणून.

पायऱ्यांवर बहीण म्हणाली, "मला बसमध्येच माहीत होतं." आणि चपला पायात घालत, "चल लवकर. फॉर्मवाला दुकान बंद करून जेवायला जातो."

फॉर्म भरणाऱ्या दुकानात पप्पा आधीच येऊन बसले होते. स्क्रीनवर कोर्सचं नाव आलं तेव्हा ते पुढे वाकले. "ह्यात फिल्म कुठेच लिहिलेलं नाही. स्टाफरूममध्ये लोक विचारतील, काय सांगू?"

"सांगा, एडिटिंग शिकायला जाते."

"आणि डिग्री?"

"बी.ए."

पप्पांनी विषयांची छापील यादी मागितली, खिशातून लाल पेन काढला आणि संकलनाच्या प्रत्येक पेपरावर बरोबरची खूण करत सहा मोजले. मग दुकानदाराला म्हणाले, "कर दो सबमिट."

तिला प्रवेश मिळाला. खोली झाडते, पाळीनं मशीनवर बसते, आणि फोनवर आमच्यापेक्षा मशीनबद्दल जास्त बोलते. एका मैत्रिणीचं मशीन बंद पडलं तर माझी पाळी तिला दिली, असं मध्येच सांगते, जणू मी विचारलंय.

तो काउन्सेलर यंदाही आला. मंगल कार्यालय तेच, पट्टा तोच. आता त्याच्याकडे पाच रंग आहेत. पाचवं जांभळं, नावात एआय आहे. मी उलटं करून बघितलं: पत्ता तोच, नंबर तोच, अक्षर आणखी बारीक. टेबलासमोर आई-बाप रांगेत उभे होते आणि कोणता रंग चांगला यावर नवरा-बायकोत वाद चालले होते. मला ओरडावंसं वाटलं. ओरडून काय होतं ते मी केबिनमध्ये पाहिलंय.

म्हणून पत्रक काढलं. अर्ध्या पानाचं, दोन्ही भाषांत. गटातले म्हणाले, पहिल्या ओळीत कॉलेजवाल्यांना धर. मी म्हटलं नियम तोच आहे, कोणी, कोणाचं, काय केलं. पहिली ओळ अशी लिहिली: माझ्या बहिणीच्या शिक्षणासाठी मी चार कोर्सची नावं लिहिली आणि एकाही कागदाची मागची बाजू वाचली नाही. त्याखाली तिचा तो प्रश्न, मशीनवर किती तास, आणि विषयांची छापील यादी मागा, मिळाली नाही तर उठा. त्याखाली मी माझी चीड ओतली, अख्खा परिच्छेद, शिक्षणाचा बाजार, पालकांची लूट, सगळं.

छापायच्या आधी बहिणीला मोबाइलवर पाठवलं. दोन तासांनी, पाळी संपल्यावर, उत्तर आलं.

"पहिली ओळ राहू दे. प्रश्न राहू दे. खालचा परिच्छेद काप."

मी लिहिलं, तोच तर महत्त्वाचा आहे.

"काप, ताई."

कापला.